हिरवा दिवा कोणाच्या पावलांनी मोजायचा?

आईबरोबर एक मोठा चौक ओलांडताना मी एकदा मनातल्या मनात सेकंद मोजले. चालणाऱ्या माणसाचं हिरवं चित्र उजळलं, पण ती लगेच निघाली नाही. आधी एका बाजूला पाहिलं, मग दुसऱ्या बाजूला, मग खाली. फूटपाथच्या कडेखाली काठी टेकवली, एक पाय उतरवला, तोल सावरला, मग दुसरा पाय. तोवर चार सेकंद गेले होते. आम्ही रस्त्याच्या मध्यापाशी येतोय तोच चित्र लुकलुकायला लागलं. तिनं माझा दंड घट्ट धरला आणि भराभर चालायचा प्रयत्न केला. त्यानं वेग वाढला नाही, फक्त पावलं लहान झाली. पलीकडे पोहोचल्यावर धाप लागलेली असतानाच ती म्हणाली, "माझ्यामुळे खोळंबले रे सगळे."

खोळंबा तिच्यामुळे झाला नव्हता. तो दिवा किती सेकंद ठेवायचा याचं कोणीतरी गणित केलेलं असतं, आणि त्या गणितात तिची चाल धरलेली नव्हती. रस्ता म्हातारपणी अवघड होतो असं आपण म्हणतो खरं. पण बारकाईनं पाहिलं तर रस्त्यातली बरीचशी अडचण ही कुणीतरी कधीतरी निवडलेल्या आकड्यांची असते: इतके सेकंद, इतकी उंची, इतकं अंतर. आकडे निवडलेले असतात, म्हणून ते बदलताही येतात.

सेकंदांपासूनच सुरुवात करू. पादचाऱ्यांच्या सिग्नलचे दोन भाग असतात. पहिला भाग निघण्यासाठी, दुसरा निघालेल्या माणसानं पलीकडे पोहोचण्यासाठी. हा दुसरा भाग काढायची रीत सोपी आहे: रस्त्याची रुंदी भागिले चालण्याचा वेग. अनेक देशांत वर्षानुवर्षं हा वेग सेकंदाला १.२ मीटर धरला गेला. तरुण, धडधाकट माणसाला तो सहज जमतो. पण इंग्लंडमध्ये मोठ्या आरोग्य पाहणीत ६५ वर्षांवरच्या लोकांचा वेग मोजला, तेव्हा पुरुषांची सरासरी सेकंदाला ०.९ मीटर आणि स्त्रियांची ०.८ मीटर निघाली. आणि ही सरासरी आहे. काठी घेऊन चालणारे, गुडघे दुखणारे यांचा वेग त्याहून कमी.

चार मार्गिकांचा, १४ मीटर रुंदीचा रस्ता घ्या. १.२ च्या हिशेबानं तो ओलांडायला सुमारे १२ सेकंद पुरतात. ०.८ नं चालणाऱ्या बाईला साडेसतरा सेकंद लागतात. म्हणजे वेळ संपते तेव्हा ती पलीकडच्या फूटपाथपासून अजून साडेचार मीटरांवर, बरोबर गाड्यांच्या मार्गिकेत उभी असते. तिनं नियम मोडलेला नसतो. ती हिरव्यावरच निघालेली असते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय नियमपुस्तिकेनं २००९ साली हा गृहीत वेग १.२ वरून सुमारे १.०७ मीटरवर आणला. सुधारणा आहे, पण ०.८ अजून दूरच. सिंगापूरनं त्याच वर्षी वेगळी वाट काढली. तिथे ज्येष्ठ नागरिकांनी आपलं सवलतीचं कार्ड सिग्नलच्या खांबावरच्या यंत्राला टेकवलं, की रस्त्याच्या रुंदीनुसार ३ ते १३ सेकंद जास्त मिळतात. मला ही युक्ती आवडते, कारण वेळ गरजेपुरतीच वाढते आणि वाहनांना एरवी काही फरक पडत नाही. पण ज्याला कार्ड काढायचं आठवत नाही, ज्याच्या दोन्ही हातांत काही ना काही आहे, किंवा ज्याला आपण म्हातारे आहोत हे चारचौघांत दाखवायचं नाही, त्याचं काय? जिथे वृद्धांची ये-जा सतत आहे, दवाखान्यापाशी, बागेपाशी, तिथे मूळ वेळच वाढवावी असं माझं मत आहे.

सेकंद वाढवायला वाहतूक खातं कधीकधी तयार होत नाही. तेव्हा दुसरा मार्ग आहे, आणि तो मला जास्त पटतो: रस्ताच अरुंद करायचा. पूर्ण लांबीभर नव्हे, फक्त ओलांडायच्या जागी. कोपऱ्यावरचा फूटपाथ दोन्ही बाजूंनी दोन-दोन मीटर पुढे आणायचा. एरवी त्या पट्ट्यात गाड्या उभ्याच असतात, म्हणजे धावत्या वाहनांची जागा जात नाही. आता ओलांडायला १४ ऐवजी १० मीटर उरले. ०.८ च्या वेगानं हे साडेबारा सेकंदांचं काम. सिग्नलला हात न लावता पाच सेकंद वाचले. शिवाय उभ्या गाड्यांच्या आडून डोकं बाहेर काढून पाहावं लागत नाही. चालकालाही माणूस लांबूनच दिसतो.

रुंद रस्त्याच्या मधोमध थांबायची जागा असेल तर आणखी सोपं जातं. इथे नुसते सेकंद वाचत नाहीत, डोक्यावरचा भारही उतरतो. रस्ता ओलांडताना आपण नकळत मोठा हिशेब करत असतो: गाडी किती लांब आहे, किती वेगानं येतेय, मला किती वेळ लागेल, आणि उलट्या बाजूनं काय येतंय. वयानुसार येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज घेणं अवघड होत जातं. वृद्ध माणसं बरेचदा गाडीच्या अंतरावरूनच ठरवतात. लांब आहे, म्हणजे वेळ आहे. गाडी वेगात असेल तर हा अंदाज घात करतो. त्यात पावलं जपून टाकायची म्हणून नजर जमिनीवर असते आणि मान पूर्ण वळत नाही. मध्ये थांबता आलं, की एका वेळी एकाच दिशेची वाहनं बघायची, अर्धाच हिशेब करायचा. मात्र ही जागा खरोखर थांबण्यासारखी हवी. हातभर रुंदीच्या दुभाजकावर काठी घेऊन उभं राहणं म्हणजे कडेलोटाच्या टोकावर उभं राहणं. वॉकर किंवा चाकाची खुर्ची आणि सोबतचा माणूस मावेल अशी, दोन मीटरांच्या आसपास रुंदी हवी. आणि तिथे चढ-उतार नको, रस्त्याच्या पातळीतच आरपार वाट हवी.

चौकातला आणखी एक धोका पटकन लक्षात येत नाही. आपल्याला हिरवा मिळतो तेव्हाच अनेक ठिकाणी वळणाऱ्या वाहनांनाही हिरवा मिळतो. वळणाऱ्या चालकाची नजर समोरून येणाऱ्या गाड्यांवर असते, आणि पादचारी त्याला अगदी शेवटच्या क्षणी दिसतो. यावर सोपा उपाय आहे. पादचाऱ्यांचा हिरवा वाहनांच्या आधी तीन ते सात सेकंद लावायचा. तेवढ्यात माणूस झेब्रा पट्ट्यांवर पुढे येतो, ठळक दिसतो, आणि वळणाऱ्याला थांबावंच लागतं. आईचे कडेवरून उतरण्यात गेलेले चार सेकंद आठवा. ते याच वेळेत बसले असते. याच्याच जोडीला फूटपाथच्या कोपऱ्याची गोलाई कमी करायची. कोपरा मोठ्या कमानीसारखा गोल असला की गाडी वेग न कमी करता वळते. तोच काटकोनाच्या जवळ आणला की ती आपोआप हळू होते.

वेगाचा हिशेब

वेगाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण तो उणे-दहा अधिक-दहा असा साधा मामला नाही. कोरडा रस्ता, चांगले ब्रेक. समोर कुणीतरी रस्त्यात उतरलं. चालकाला दिसणं आणि पाय ब्रेकवर पडणं यात साधारण एक सेकंद जातो. ताशी ३० किलोमीटरनं जाणारी गाडी त्या एका सेकंदात आठ मीटर पुढे येते, मग ब्रेक लागून आणखी पाच मीटरांत थांबते. एकूण तेरा मीटर. ताशी ५० नं जाणारी गाडी त्या पहिल्या सेकंदातच जवळजवळ चौदा मीटर येते. म्हणजे पहिली गाडी जिथे उभी राहिली, तिथे दुसरीच्या चालकाचा पाय ब्रेकवर पोहोचलेलाही नसतो. ती पूर्ण पन्नासच्या वेगानं आदळते.

आणि तोच धक्का वयानुसार वेगळा बसतो. हाडं ठिसूळ झालेली असतात, जखम भरून यायला वेळ लागतो. अमेरिकेतल्या अपघातांच्या नोंदींवरून २०११ साली झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की ताशी ४० च्या गाडीनं उडवल्यावर सत्तरीच्या माणसाला गंभीर इजा किंवा मृत्यू येण्याची जेवढी शक्यता असते, तेवढी तिशीच्या माणसाला ताशी ५६ ला असते. म्हणजे आपण जिला 'बऱ्यापैकी सावकाश' म्हणतो, ती गाडी सत्तरीच्या माणसासाठी सावकाश नसतेच.

ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरानं १९९२ सालीच मुख्य रस्ते सोडून बाकी सगळीकडे ३० ची मर्यादा लावली. पण नुसता फलक लावून वेग उतरत नाही. रुंद, सरळ, मोकळा रस्ता चालकाला 'दाब पाय' असंच सांगत असतो, फलकावर काहीही लिहिलेलं असो. सिंगापूरनं २०१४ पासून वृद्धवस्तीच्या भागांत खास टापू आखायला सुरुवात केली. त्यात मर्यादा कमी केलीच, शिवाय मार्गिका अरुंद केल्या, रस्त्याला मुद्दाम हलकी वळणं दिली, मध्ये थांबायच्या जागा केल्या. तिथे गाडी हळू जाते ती चालक सज्जन आहे म्हणून नव्हे, रस्ता दुसरं काही करू देत नाही म्हणून.

जो अपघात मोजलाच जात नाही

आता फूटपाथवर येऊ. इथला धोका मला जास्त सतावतो, कारण तो दिसत नाही. अपघाताच्या सरकारी व्याख्येत बहुतेक ठिकाणी वाहन असावं लागतं. फरशीला ठेच लागून एखादी आजी पडली, खुब्याचं हाड मोडलं, तर तिथे वाहन नसतं. पोलिसात नोंद नाही, वाहतुकीच्या आकडेवारीत ती नाही. ती फक्त रुग्णालयाच्या कागदावर असते. मग धोकादायक जागांचा नकाशा बनतो तेव्हा तो फूटपाथ त्यात येतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडण्यामुळे दगावतात. यात घरात पडणारेही आहेत, पण सर्वात मोठा वाटा साठीच्या पुढच्यांचाच आहे.

ठेच लागते कशी? आपण पाऊल पुढे टाकतो तेव्हा बोटांचं टोक जमिनीपासून फार तर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वर असतं, आणि नेमकं त्याच क्षणी पाय सर्वात वेगानं पुढे जात असतो. म्हणून दोन सेंटिमीटर वर आलेला पेव्हर ब्लॉक हा पंधरा सेंटिमीटरच्या पायरीपेक्षा घातक ठरतो. पायरी दिसते, पाय उचलला जातो. उचकटलेला ब्लॉक दिसत नाही. तरुण माणूस अडखळला तर पुढचं पाऊल झटकन टाकून सावरतो. वयानं हे झटकन टाकणंच मंदावतं.

दिसण्याचाही प्रश्न आहेच. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानानं साधारण एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो, कारण बाहुली कमी उघडते आणि भिंग पिवळसर होतं. राखाडी रस्ता, राखाडी कड, राखाडी फूटपाथ, वरून संध्याकाळ: यात कड कुठे संपते ते कळत नाही. कडेला ठळक फिका पट्टा मारला तर खर्च नगण्य, उपयोग मोठा. दिव्यांचंही तसंच. उंच खांबांवरचे दिवे डांबरावर लख्ख प्रकाश टाकतात आणि झाडाखालचा फूटपाथ अंधारातच राहतो.

फूटपाथची कड साधारण पंधरा सेंटिमीटर असते. वॉकर घेतलेल्या माणसाला ती चढताना वॉकर उचलून वर ठेवावा लागतो. म्हणजे ज्या क्षणी आधाराची सर्वात जास्त गरज, त्याच क्षणी आधार हवेत. म्हणून उतार हवा, आणि उतार म्हणजे कसाही नव्हे. नेहमीचं प्रमाण बारास एक असं आहे: पंधरा सेंटिमीटर चढायला एक मीटर ऐंशी सेंटिमीटर लांबीचा उतार. पुष्कळ ठिकाणी साठ सेंटिमीटरचा तिरपा सिमेंटचा गोळा थापून 'रॅम्प' झाला असं म्हणतात. तो चारास एक झाला. त्यावरून चाकाची खुर्ची उलटू शकते.

याहून त्रासाचं म्हणजे प्रत्येक फाटकापाशी गाडी आत जावी म्हणून फूटपाथ खाली उतरवणं. शंभर पावलांत चार वेळा खाली-वर. उतारावर पाऊल तिरकं पडतं, वॉकर रस्त्याच्या बाजूला ओढ घेतो. उलटं करता येतं: फूटपाथ सलग एकाच पातळीत ठेवायचा, आणि गाडीनं छोटा चढ चढून तो ओलांडायचा. गाडीला इंजिन आहे.

याच न्यायानं पादचारी पुलांबद्दल माझं मत फार कडक आहे. चाळीस-पन्नास पायऱ्या चढून उतरून रस्ता ओलांडा असं सांगणं म्हणजे गाडी न थांबता जावी म्हणून सर्वात थकलेल्या माणसाला चढायला लावणं. गुडघे दुखणारा माणूस तो पूल वापरत नाही. तो पुलाखालून, सिग्नल नसलेल्या रस्त्यावरून जातो. द्रुतगती महामार्गावर पूल हवाच, आणि तिथे चालू असलेली लिफ्टही हवी. वस्तीतल्या रस्त्यावर मात्र जमिनीवरूनच ओलांडता आलं पाहिजे.

एक गुंता इथे प्रामाणिकपणे सांगायला हवा. सगळ्या वृद्धांच्या गरजा एकसारख्या नसतात. कड सपाट केली की चाकाची खुर्ची सुखात जाते, पण दृष्टी गेलेल्या माणसाला फूटपाथ संपून रस्ता कुठे सुरू झाला हे कळायची खूण हरवते. म्हणून तिथे उठावाच्या ठिपक्यांच्या फरश्या बसवतात. ही कल्पना जपानच्या सेइची मियाके यांची. १९६५ साली त्यांनी ती शोधली आणि १९६७ साली ओकायामा शहरात त्या फरश्या पहिल्यांदा बसल्या. पण हेच ठिपके संधिवात असलेल्या पायांना टोचतात, वॉकरच्या छोट्या चाकांना अडवतात. तोडगा असा, की ठिपके गरजेच्या जागीच बसवायचे, सगळीकडे शोभेसाठी पसरायचे नाहीत, आणि शेजारून साधी गुळगुळीत वाट सोडायची. हे कागदावर ठरत नाही. काठीवाला, खुर्चीवाला आणि न दिसणारा अशा तिघांना जागेवर नेऊनच ठरवावं लागतं.

बाक ही चैन नव्हे

चालण्याच्या वाटेवरची सर्वात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे बसायची जागा. ज्याला सलग दीडशे मीटरच चालवतं, त्याच्यासाठी तीनशे मीटरवरचं वाचनालय बंद असल्यातच जमा आहे. मध्ये दोन बाक ठेवले की तेच वाचनालय उघडतं. त्याचे पाय बदललेले नसतात. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत वर्दळीच्या पादचारी भागात दर ५० मीटरांच्या आत बसायची सोय असावी असं म्हटलं आहे. बाक कसा असावा हेही महत्त्वाचं: बैठक सुमारे ४५ सेंटिमीटर उंच, पाठ टेकायला आधार, आणि दोन्ही बाजूंना हात. ते हात शोभेचे नसतात, त्यांवर जोर देऊन उठायचं असतं. दगडाचे बुटके, बिनपाठीचे ओटे छान दिसतात, पण गुडघे गेलेला माणूस त्यावर बसतच नाही, कारण उठता येणार नाही हे त्याला माहीत असतं. स्वच्छतागृहाचंही तसंच. वाटेत ते नसेल तर अनेक जण पाणी न पिता निघतात, नाहीतर निघतच नाहीत.

न निघण्याची किंमत मोठी आहे. एकदा पडलं की भीती बसते. भीतीमुळे बाहेर जाणं कमी होतं, पायातली ताकद उतरते, तोल बिघडतो, आणि पुन्हा पडण्याची शक्यता वाढते. जागतिक आरोग्य संघटनेनं ३३ शहरांतल्या वृद्धांशी बोलून २००७ साली ज्येष्ठस्नेही शहरांची मार्गदर्शिका काढली. तिच्यात फूटपाथ, ओलांडायच्या जागा, बाक आणि स्वच्छतागृहं हे सगळं आहे, ते याच कारणासाठी.

आपल्या भागात काय करायचं? एक फेरी मारायची, पण एकट्यानं नाही. मोजपट्टी, मोबाइलमधलं घड्याळ, कॅमेरा, आणि सत्तरीच्या पुढची दोन-तीन माणसं सोबत. पुढे त्यांनी चालायचं, आपण मागे. कुठे थांबतात, कुठे वाट वाकडी करतात, कुठे भिंतीला हात लावतात, ते टिपायचं. अशाच एका फेरीत आई एका चेंबरच्या झाकणाला वळसा घालून रस्त्यावर उतरली. विचारलं तर म्हणाली, "ते डुगडुगतं." मी त्यावरून कितीदा गेलो असेन, मला कधी जाणवलं नव्हतं. एक फेरी दिवसा, एक दिवे लागल्यावर, आणि जमल्यास एक पाऊस पडून गेल्यावर.

मग अर्ज लिहायचा, पण 'फूटपाथची दुरवस्था झाली आहे' असा नको. अशा अर्जावर 'पाहणी करू' एवढंच उत्तर येतं. आकडा लिहायचा: या कोपऱ्यावर रस्ता १४ मीटर रुंद, निघण्याचे आणि पोहोचण्याचे मिळून हिरवे सेकंद इतके, तीन वृद्धांना ओलांडायला लागलेले सेकंद इतके, या खांबापासून दहा पावलांवर झाकण डुगडुगतं, सोबत फोटो. सेकंद बदलणं, पट्टा मारणं, झाकण बसवणं, ही फार दिवसांची कामं नव्हेत, ती आधी मागायची. कोपरे पुढे आणणं, फूटपाथ सलग करणं याला निधी आणि वेळ लागतो. रस्ता कधीतरी पुन्हा खोदला जाणारच असतो, तेव्हा ते करून घ्यावं असं त्याच अर्जात वेगळं लिहून ठेवायचं. आणि काम झालं की त्याच माणसांना घेऊन, तेच घड्याळ लावून, तोच रस्ता पुन्हा ओलांडून पाहायचा.